साडेपाचच्या मॅडम

गुरुवार, अकरा जुलै, सकाळचे अकरा वाजून दहा मिनिटे. विजयवाड्याच्या वितरकाचा फोन त्या वेळी आला. वेळ मला नेमकी ठाऊक आहे, कारण चौकशीच्या कागदावर ती मीच लिहिली. रक्तदाबाच्या पाच मिलिग्रॅमच्या गोळ्यांची पेटी उघडली असता निळ्या खोक्यांत चार खोकी लाल निघाली, एवढेच त्यांचे म्हणणे होते. आमच्याकडे निळे खोके पाचचे आणि लाल दहाचे. माल गोदामातच होता. एकही खोके दुकानापर्यंत गेले नव्हते. तरीही औषधाच्या कारखान्यात याहून वाईट फोन फार थोडे येतात.

मी पॅकिंग विभागाचा प्रमुख होतो. नोकरीचे एकतिसावे वर्ष होते. कारखान्याच्या प्रमुख म्हणून पुण्याहून एक बाई आल्या होत्या, वय बेचाळीस. हे लिखाण त्यांच्याविषयी आहे. त्या दिवशी त्या जशा वागल्या तशा का वागल्या, हे समजण्यासाठी त्यांची काही माहिती आधी देणे भाग आहे.

त्या विक्षिप्त होत्या. या बाबतीत कारखान्यात मतभेद नव्हता.

कामाची वेळ साडेपाचपर्यंत. आमच्याकडे साडेपाचला उठणारा माणूस आजारी तरी समजला जाई किंवा कामचुकार. बाई आल्याच्या तिसऱ्या दिवशी मी टेबलाशी लिहीत बसलो असताना एकाएकी अंधार झाला.

"मी अजून बसलेलो आहे," मी मोठ्याने म्हणालो.

"मला कुणी दिसत नाही," अंधारातून बाईंचा आवाज आला.

दिव्यांच्या मुख्य बटणाशी त्या स्वतः उभ्या होत्या. हा क्रम त्यांनी शेवटपर्यंत चालवला. पहिला आठवडा मी मोबाइलच्या उजेडात कागद आवरले. दुसऱ्या आठवड्यापासून माझे काम पाच पंचविसाला संपू लागले. इतकी वर्षे ते साडेसातपर्यंत का चालत असे, याचे समाधानकारक उत्तर मला अद्याप सापडलेले नाही. पॅकिंगच्या बायका त्यांना 'ऐदुन्नर मॅडम' म्हणत. तेलुगूत ऐदुन्नर म्हणजे साडेपाच. हे बाईंना कळले, तेव्हा त्यांनी फक्त उच्चार विचारून घेतला.

सहानंतर त्या फोन घेत नसत. कंपनीचे मालक बंजारा हिल्सला राहत आणि त्यांना सुचत ते सगळे जेवणानंतर सुचे. एकदा त्यांनी लागोपाठ चार वेळा फोन केला. पाचव्यांदा बाईंनी घेतला आणि म्हणाल्या, "साहब, मैं जेवण कर रही हूँ. उसके बाद सोनेवाली हूँ. कल नौ बीस को बोलेंगे." बाईंची हिंदी पुण्याहून निघाली होती खरी, पण ती सोलापूरच्या पुढे कधी आली नाही. मालक सर्द झाले असावेत. दुसऱ्या दिवशी बरोबर नऊ विसाला त्यांचा फोन आला आणि आवाज कधी नव्हे इतका नम्र होता.

"आग लागली तर?" मी एकदा विचारले.

"तर अग्निशामक दलाला फोन करा. मी तारनाक्याच्या घरून बादली घेऊन किती वाजता पोचणार?"

आमचे घराणे मराठवाड्यातले. आजोबा निजामाच्या काळात गौलीगुड्यात येऊन राहिले आणि वडिलांनी मलकपेठेत घर केले. वयाने लहान असलेल्या कोणालाही 'बेटा' म्हणणे हा आमच्याकडे प्रेमाचा आणि अधिकाराचा एकत्रित प्रकार आहे. पहिल्या बैठकीत मी बाईंना म्हणालो, "बेटा, तुम्ही नवीन आहात, हळूहळू समजेल." त्यांनी वही मिटली.

"घरी आलात तर काका म्हणेन, पाया पडेन, चहा करून देईन. इथे मी तुमची साहेब आणि तुम्ही माझे पॅकिंगप्रमुख. चालेल?"

मला चालले नाही. पण त्या शब्दाला पक्क्या निघाल्या. गणपतीत मी सपत्नीक तारनाक्याला त्यांच्या घरी गेलो, तर त्यांनी खरोखर वाकून नमस्कार केला, काका काका म्हणून उकडीचे तीन मोदक वाढले, आणि चौथा नको म्हणताच वर तूपही ओतले. दुसऱ्या दिवशी सकाळी माझा मासिक अहवाल सात लाल खुणांसह परत आला. मोदकांचा उल्लेख दोघांनीही केला नाही.

आमचे कागद परत करण्याची त्यांची रीत ठरलेली होती. आपले काम वरच्याच्या टेबलावर नेऊन ठेवायचे आणि मोकळे व्हायचे, ही आमच्याकडची जुनी पद्धत. बाई दुपारी फेरीला निघत आणि ज्याचे त्याचे कागद ज्याच्या त्याच्या टेबलावर ठेवीत. "हे तुमचं माझ्याकडे राहिलं होतं," असे म्हणत. शेजारणीची वाटी घराघरांत परत करतात, तशी. आणि वाटी रिकामी कशी द्यायची म्हणून त्यात एखादा प्रश्न घातलेला असे: 'तुम्हांला काय वाटते?' मला काय वाटते हे त्यापूर्वी कंपनीत कोणी विचारले नव्हते. त्यामुळे उत्तर तयार नसे आणि त्याचा राग येई.

पण त्यांचा सर्वांत चमत्कारिक प्रकार म्हणजे वाटा.

काहीही बिघडले की त्या कोरे कागद वाटत आणि प्रत्येकाला या बिघाडात आपला वाटा किती तो लिहायला सांगत. स्वतःही लिहीत. कँटीनचा उपमा एकदा खारट झाला, तर आचाऱ्याने लिहिले, 'मीठ दोनदा घातले.' त्याच्या मदतनिसाने लिहिले, 'पहिल्यांदा मीच घातले, सांगितले नाही.' बाईंनी लिहिले, 'चव न घेता छान झाला आहे म्हणाले.' हे तीन कागद फलकावर लावले गेले. मी हा पोरखेळ समजत असे आणि तसे बोलूनही दाखवत असे.

त्यांच्याआधीचे साहेब निराळे होते. काही झाले की छातीवर हात ठेवून "मैं हूँ ना" म्हणायचे. आम्हांला ते फार थोर वाटत. सगळे त्यांच्यावर असल्यामुळे आमच्यावर काहीच नसे. पुढे एका तपासणीत प्रकरण अंगाशी आले, तेव्हा साहेब रजेवर होते आणि भांडारातला एक कारकून घरी गेला. तरीही मनातल्या मनात मी त्यांचीच बाजू घेत असे. जुन्या सवयी तर्काला जुमानत नाहीत.

आता अकरा जुलै.

बाराला बाईंनी तो सगळा माल परत मागवला आणि यंत्र बंद केले. दीडपर्यंत कारण सापडले. एका मालाचे पॅकिंग संपून दुसऱ्याचे सुरू होण्यापूर्वी यंत्र आणि आजूबाजूची जागा पूर्ण रिकामी करावी लागते. आधीच्या मालाचे एक खोकेही कुठे उरता कामा नये. याला लाइन क्लिअरन्स म्हणतात. त्याचा एक अर्ज असतो आणि त्यावर दोन सह्या असतात: 'केले' आणि 'तपासले'. नऊ दिवसांपूर्वी संध्याकाळी लाल खोक्यांचे काम संपले, तेव्हा यंत्राच्या खालच्या खणात, अगदी मागे, घडी न उलगडलेली चार लाल खोकी राहून गेली. दुसऱ्या दिवशी त्या खणात निळी भरली गेली. यंत्राला रंग कळत नाही.

'केले' या सदरात यादम्माची सही होती. यादम्मा बावीस वर्षे त्या यंत्रावर होती. नवरा नाही, मुलगी नर्सिंगला. 'तपासले' या सदरात माझी सही होती.

दोनला बाईंनी आम्हां दोघांना केबिनमध्ये बोलावले. टेबलावर तीन कोरे कागद होते. चारला मालकांचा फोन यायचा होता. बातमी कळताच त्यांनी निरोप पाठवला होता: दोषी व्यक्तीचे नाव कळवावे. एकवचनात.

"ज्या भाषेत नीट लिहिता येतं त्या भाषेत लिहा," बाई म्हणाल्या. "अर्धा तास. दुसऱ्याच्या कागदात डोकवायचं नाही."

यादम्माने पेन हातात घेतले नाही. "लिखना कायकू मॅडम? मैंच करी. पूरा मेराच है. सार को बीच में नक्को लाओ."

"यादम्मा, तू थांब," मी म्हणालो. "जबाबदारी विभागप्रमुखाची असते. मला निवृत्तीला एक वर्ष उरले आहे. मी लिहून देतो."

"दोघंही फार उदार आहात," बाई म्हणाल्या. "हा लिलाव नाहीये. लिहा."

मी मराठीत लिहिले: 'घडल्या प्रकारास सर्वस्वी मी जबाबदार आहे.' खाली सही केली आणि कागद पुढे सरकवला. मजकूर मला भारदस्त वाटला होता. बाईंनी तो वाचून परत सरकवला.

"'सर्वस्वी' काढा. त्यातलं तिचं आणि माझं तुमच्याकडे आलंय, ते परत करा."

"मॅडम, एकतीस वर्षांत मी माझ्या माणसावर दोष ढकललेला नाही."

"ढकलू नका. उचलूही नका. त्या दिवशी तुम्ही काय केलंत ते लिहा. फक्त क्रियापदं."

मी दुसरा कागद घेतला. हा लिहायला वेळ लागला. 'त्या दिवशीच्या सर्व अर्जांवर मी सकाळी नऊ वाजता सह्या केल्या. क्लिअरन्स संध्याकाळी पाच दहाला सुरू झाला. मी हॉलमध्ये गेलो नाही. मी खाली पाहिले नाही.'

बाईंनी हा कागद ठेवून घेतला. "सकाळी सह्या करून ठेवायची पद्धत कधीपासून?"

"पुष्कळ वर्षांपासून."

"का?"

"यादम्माचे काम चोख आहे. चार पोरींसमोर मी वाकून तिचे काम तपासू लागलो, तर तो तिचा अपमान होईल. माझा तिच्यावर विश्वास आहे."

हे मी ताठ मानेने सांगितले. आजही मला ते कारण वाईट वाटत नाही. फक्त ते खरे आहे की नाही, हे ज्या व्यक्तीला विचारायला हवे होते, तिला मी कधी विचारले नव्हते. बाईंनी लगेच विचारले.

"यादम्मा, सार नीचे झुकके देखते, तो तुमको बुरा लगता?"

यादम्मा माझ्याकडे पाहत होती. मग तिने पदर सारखा केला. "बुरा कायकू लगता मॅडम? अच्छाच लगता. शाम कू मेरेकू नीचे का दिखताच नै."

"कबसे?" बाईंनी विचारले.

"दो साल हुए. मोतीबिंदू बोलरे डाक्टर. बोली तो काम से निकाल देते बोलके नै बोली. हाथ से टटोल के देखती मैं. उस दिन बी टटोली. पीछे हाथ नै गया." मग माझ्याकडे वळून, जणू माझी समजूत घालावी तशी, ती म्हणाली, "आप साइन कर दिए रहते ना सार, तो मैं समझती, ठीकच होंगा."

बाईंनी मराठीत, हळू आवाजात मला सांगितले, "तुमच्या विश्वासापायी ही बाई दोन वर्षं अंदाजाने बघतेय."

मी चष्मा काढून पुसला. काच स्वच्छ होती.

मग बाईंनी स्वतःचा कागद वाचला. हा भाग मी अनपेक्षित मानतो, कारण तोवर माझी समजूत होती की त्या न्यायाधीश आहेत. 'वेळापत्रक मी केले. चाळीस मिनिटांच्या क्लिअरन्सला वीस मिनिटे दिली, कारण साडेपाचला थांबायचेच होते. साडेपाचचा नियम माझा. तो पाळला जातो याची मला फुशारकी होती. तो पाळण्यासाठी कोण कुठे घाई करते, हे मी विचारले नाही.'

"अय्यो, ये नक्को लिखो मॅडम," यादम्मा घाबरून म्हणाली. "साडेपाच अच्छा है. बस मिलती. बच्ची के साथ खाना खाती मैं."

"साडेपाच राहणार. क्लिअरन्स साडेचारला सुरू होणार," बाई म्हणाल्या आणि तेच हिंदीत सांगण्याचा प्रयत्न केला. यादम्माला मराठीच अधिक समजली असावी.

चारला मालकांचा फोन आला. बाईंनी तो सर्वांना ऐकू येईल असा ठेवला.

"हौ, बोलो. किसका काम है?"

"तीन लोगों का, साहब. पहला नाम मेरा है."

"अरे मॅडम, मेरेकू एक नाम होना. वो पॅकिंगवाली है ना पुरानी, उसकीच साइन है बोले. निकालो उसको. बात ख़तम."

यादम्मा उभी होती. तिने खुर्चीची पाठ धरली.

"साहब, उसको निकालूँगी तो बाकी दोनों को भी निकालना पडेंगा. वाटा सबका है. फिर कल से पॅकिंग आप देखेंगे क्या?"

मग मालक म्हणाले, आणि त्यांच्या आवाजात राग नव्हता हे मी सांगितले पाहिजे, "मॅडम, तुम्हारा नाम इस काग़ज़ में आया, तो वो नया प्लांट मैं तुमको कैसा देऊँ? भाई लोगाँ क्या बोलेंगे मेरेकू?"

मालकांचे भाऊ कंपनीत भागीदार होते. नव्या कारखान्याचे प्रमुखपद बाईंना मिळणार, हे आम्हां सर्वांना माहीत होते. त्यासाठीच त्या पुणे सोडून आल्या होत्या. नवरा तिकडे, मुलगा इकडे शाळेत, असा संसार त्यांनी त्या एका पदासाठी दोन वर्षे चालवला होता.

बाईंनी टेबलावरचे तिन्ही कागद एकावर एक नीट जुळवले.

"तो मत दीजिए, साहब. लेकिन नाम तीनही रहेंगे. और यादम्मा की आँख का ऑपरेशन कंपनी के विमा में होता है, मैंने देख लिया. सुबह की पाळी में डाल रही हूँ उसको."

"विमा क्या होता?" मालकांनी विचारले.

"इन्शुरन्स," मी म्हणालो. त्या संपूर्ण बैठकीतले माझे हेच एक उपयुक्त वाक्य.

पुढचे थोडक्यात सांगतो. तीन आठवड्यांनी चौकशीचा निकाल आला. तिघांनाही लेखी ताकीद मिळाली. एकतीस वर्षांतली माझी पहिली. यादम्मा कामावर राहिली. दोन्ही डोळ्यांचे ऑपरेशन झाले आणि त्यानंतर ती माझ्या शर्टावरचे डाग दाखवू लागली. नवा कारखाना दुसऱ्या कोणाला गेला. मी बाईंच्या केबिनमध्ये जाऊन खेद व्यक्त केला. 'घडले ते योग्य झाले नाही' अशा अर्थाचे एक वाक्य मी तयार करून नेले होते.

"माझा वाटा होता तो," त्या म्हणाल्या. "तुमचा अहवाल कुठे आहे?"

दीड वर्षाने त्या पुण्याला परत गेल्या. मी तोवर निवृत्त झालो होतो, त्यामुळे पुढचे ऐकीव आहे. त्या संध्याकाळी दिवे कोणी बंद करायचे, यावरून कचेरीत थोडा गोंधळ झाला. शेवटी हिशेब विभागातल्या बाईंनी ते काम स्वतःकडे घेतले. दिवाळीला पुण्याहून त्यांचा फोन येतो. "काका, गुडघे कसे आहेत?" विचारतात. सहाच्या आत येतो.

त्या माझ्या मते चुकत कुठे होत्या, हेही लिहिले पाहिजे. त्या फार स्पष्ट बोलत. वयाचा मान घड्याळात बघून ठेवीत. प्रत्येक गोष्टीत वाटा शोधण्याचा त्यांचा नाद कधीकधी हास्यास्पद होई. पाऊस आला तरी त्या कागद वाटतील, असे आम्ही म्हणत असू. हे सर्व मी त्यांना तोंडावर सांगितलेले आहे. त्यांनी ते लिहून घेतले.

परंतु अकरा जुलैचे एक सांगायचे राहिले.

मालकांचा फोन संपला तेव्हा सव्वाचार झाले होते. दुसऱ्या यंत्रावर खोकल्याच्या औषधाचे काम संपत आले होते. बाईंनी माझ्यापुढे एक कोरा अर्ज ठेवला. सकाळी मी त्या दिवशीच्या अर्जांवर सह्या करून ठेवल्या होत्या, त्या त्यांनी माझ्यासमोर आडव्या रेघा मारून रद्द केल्या होत्या. मी अर्ज घेऊन हॉलमध्ये गेलो.

यादम्मा माझ्याआधीच येऊन ते यंत्र रिकामे करत होती. चार पोरी बाजूला उभ्या होत्या. मी तिच्याकडे टॉर्च मागितला.

"आप बैठो सार, मैं—"

"तू तुझे केलेस. आता माझे आहे."

मी गुडघे टेकले. एकतीस वर्षांत त्या यंत्राखाली मी पाहिले नव्हते; तिथे अपेक्षेपेक्षा अंधार होता. खालचा खण बाहेर ओढला, मागे हात घातला, कोपरे पाहिले, टॉर्च फिरवून पुन्हा पाहिले. एक पोरगी हसली आणि यादम्माने तिला तेलुगूत झापले. उठताना गुडघ्याने साथ दिली नाही. यादम्माने हात पुढे केला. मी तो धरला आणि उभा राहिलो.

खाली काही नव्हते. तसे लिहिले, वेळ घातली आणि सही केली.